‘गझनफर’चे संपादक

सोलापुरात चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपुढून जाताना मनुष्याची मान आपोआप लवते, ही गोष्ट या शहरास भूषणावह आहे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांस १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले, हे येथील शाळकरी पोरही सांगते. परंतु फासापूर्वी कुर्बान हुसेन काय करीत होते, असे कोणी पेढीवर बसून विचारले, तर उत्तर देणारा गृहस्थ विरळाच.

ते गिरणी कामगारांत वावरणारे कार्यकर्ते व ‘गझनफर’ या पत्राचे संपादक होते. गझनफर म्हणजे सिंह. पुण्याचा ‘केसरी’ही सिंहच, भाषा तेवढी निराळी. वयाची पंचविशीही न गाठलेल्या तरुणाने हे नाव उचलावे, यात त्याची छाती दिसते.

१८७७ साली चालू झालेल्या जुन्या गिरणीचा भोंगा केव्हाच थांबला. पण या पेठांची भरभराट त्या भोंग्यावर उभी राहिली, हे आमचे व्यापारी बंधू नाकारणार नाहीत. १९२२ च्या कायद्याने कामाचा दिवस अकरा तासांचा ठरविला, आणि तीही सुधारणाच मानली गेली! संघ नोंदविण्याचा कायदा १९२६ साली आला. तथापि कायदा कागदावर असतो. तो मजुरास वाचून दाखविणारा कोणी लागतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० पासून मुंबईस ‘दीनबंधु’ चालवून हेच केले, आणि १८९० साली गिरणी कामगारांस रविवारची सुटी मिळाली. कामगारांचे पत्र म्हणजे रिकामटेकड्यांची कुरबुर, असे समजणारांनी एवढा एक रविवार ध्यानात ठेवावा.

मे १९३० मध्ये गांधीजींस अटक होताच सोलापूर खवळले. ता. ८ रोजी गोळीबार झाला, ता. १२ रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. पोलीस शिपायांच्या खुनाचा आरोप ठेवून या चौघांवर खटला चालला. त्या दिवसांत गिरणीतला मजूर रस्त्यावर आला, तो निव्वळ तिरंगा पाहून आला काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्याच्या मजुरीची चौकशी करणारा मनुष्यच आता स्वराज्याची गोष्ट सांगत होता, म्हणून ती त्यास आपली वाटली. देशकार्यास वर्गणी देऊन मजुरीच्या आण्यांत घासाघीस करणारांस हा विश्वास कधी लाभला नसता. हे लिहिणे कित्येकांस कडू लागेल, लागो.

पुतळ्यास हार घालणे सोपे आहे. संपादकाचे स्मारक त्याचे अंक. तरी ज्यांच्या घरी माळ्यावर त्या काळचे गठ्ठे पडले असतील, त्यांनी ते रद्दीवाल्यास देण्यापूर्वी एकवार उलगडून पाहावेत, आणि ‘गझनफर’चे एखादे पान हाती लागल्यास ते शहरातील वाचनालयात आणून द्यावे.