पिकअपचा हौदा आणि ताडपत्री : घेताना काय पाहावे? चुकले तर माल भिजतो, दंडही बसतो

वाशीम : सोयाबीन काढून झालं, कट्टे भरले, पिकअप सांगितली, आणि बाजार समितीच्या अलीकडे पाच किलोमीटरवर पावसानं गाठलं. ताडपत्री होती, पण मधोमध फाटलेली. वरचे आठ-दहा कट्टे ओले झाले. खालचे कट्टे फर्शीवर साचलेल्या पाण्यात बसले. यार्डात ओलावा मोजला की आकडा वर जातो आणि भाव खाली येतो. ऑक्टोबर महिन्यात वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांत हा प्रसंग कोणालाही नवा नाही.

हिशेब साधा आहे. समजा गाडीत १२ क्विंटल सोयाबीन आहे आणि ओलाव्यामुळे क्विंटलमागे २०० रुपये तुटले. एका खेपेत २,४०० रुपये गेले. हमीभावाने खरेदीत सोयाबीनला ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के आहे. २०२४-२५ च्या खरीप हंगामात केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती, पण दरवर्षी तशी सूट मिळेल यावर बसून राहता येत नाही. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये ठरला होता. मर्यादेपेक्षा जास्त ओला माल केंद्रावरून परत येतो, आणि परतीचं भाडं शेतकऱ्याच्याच अंगावर पडतं.

म्हणून गाडी स्वतःची असो की भाड्याची, हौद्यात खाली काय अंथरलंय आणि वर काय झाकलंय, हे पाहणं गाडीच्या टायरइतकंच गरजेचं आहे.

आधी आरसी बुक काढा

हौद्यात काहीही बसवायच्या आधी आरसीवरचे दोन आकडे पाहावेत. एक रिकाम्या गाडीचं वजन, दुसरं मालासह एकूण वजन. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की गाडी किती ओढू शकते ते कळतं. समजा एकूण ३,००० किलो आणि रिकामं १,६०० किलो आहे. म्हणजे १,४०० किलो उरले. ड्रायव्हर आणि एक हमाल मिळून १४० किलो धरले तर मालासाठी १,२६० किलो, म्हणजे ५० किलोचे २५ कट्टे.

आता याच गाडीच्या फर्शीवर जाड लोखंडी पत्रा मारला आणि वरून पत्र्याची बंद बॉडी बसवली. दोन्ही मिळून ३०० किलोच्या वर जातात. मग मालासाठी ९४० किलोच्या आसपास उरतात, म्हणजे १८ कट्टे. दर खेपेला सात कट्टे कमी. ते सात कट्टे तरीही टाकले तर तो ओव्हरलोड झाला. मोटार वाहन कायद्यात ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. जास्तीचा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडत नाहीत, ते वेगळंच.

फर्शीवर काय टाकावं?

पिकअपचा हौदा साधारण ९ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद असतो. त्या मापावर चार प्रकार पाहू.

*लोखंडी चेकर पत्रा :* सर्वात टिकाऊ. विटा, गिट्टी, लोखंड, अवजारं वाहणाऱ्यांनी हाच घ्यावा. पण ३ मिलिमीटर जाडीचा पत्रा ११० ते १२० किलो भरतो. फक्त धान्य वाहणाऱ्याला एवढ्या जाडीची गरज नाही. पत्रा मारताना मूळ फर्शी आणि नवा पत्रा यांच्यामध्ये पाणी जाऊ नये म्हणून कडा नीट बंद करून घ्याव्यात आणि दोन्ही बाजूंना रेड ऑक्साईड मारून घ्यावा. नाहीतर वरून गाडी नवी दिसते आणि खालून फर्शी सडते.

*रबर मॅट :* दहा मिलिमीटर जाडीची मॅट साधारण ६० किलोपर्यंत भरते. कट्टे घसरत नाहीत, आवाज कमी होतो, आपटही कमी बसते. बियाण्याचं सोयाबीन वाहायचं असेल तर हा मुद्दा मोठा आहे. सोयाबीनच्या दाण्याचं वरचं साल फार पातळ असतं. कट्टा उंचावरून लोखंडी फर्शीवर आपटला की साल तडकते आणि उगवण घटते. बाहेरून दाणा चांगला दिसतो, पण जूनमध्ये पेरल्यावर तास रिकामं राहतं. घरचं बियाणं राखणाऱ्यांनी रबर मॅट किंवा निदान पोत्यांचा जाड थर खाली असल्याशिवाय बियाणं गाडीत टाकू नये आणि कट्टे फेकू देऊ नयेत. गुरं-बकऱ्या नेतानाही रबरावर पाय घसरत नाही. लोखंडी पत्रा शेण-मुतानं ओला झाला की जनावर पडतं.

*प्लास्टिकचा साचा :* हौद्याच्या मापाचा तयार साचा बसतो. हलका असतो आणि खतापासून पत्रा वाचवतो. पण तो गुळगुळीत असल्यानं कट्टे सरकतात. साचा आणि पत्रा यांच्यामध्ये माती, पाणी अडकतं. महिन्यातून एकदा तरी काढून धुवावा लागतो. ज्याच्याकडून ते होणार नाही त्यानं हा घेऊ नये.

*प्लायवूड :* स्वस्त आणि हलकं. बारा मिलिमीटरचं प्लाय ३५ किलोच्या आसपास भरतं. भर उन्हात तापलेल्या पत्र्यापासून माल वाचतो. पण एकदा पाणी पिलं की फुगतं. दोन पावसाळ्यांत बदलायची तयारी असेल तरच.

मोठ्या शहरांत फर्शीवर फवारून मारायचं जाड कोटिंगही मिळतं. ते पत्र्याला चिकटून बसतं, त्यामुळे मध्ये पाणी राहत नाही. मात्र खाली गंज असताना मारलं तर गंज आतच वाढतो. आधी घासून साफ करणं हेच त्यातलं खरं काम आहे.

काहीही टाका, एक गोष्ट विसरू नका. हौद्याला पाणी निघायला भोकं असतात. मॅट किंवा पत्र्यानं ती बुजवू नका. एक इंच पाऊस पडला तर एवढ्या हौद्यावर साधारण ११५ लिटर पाणी पडतं. त्याला वाट मिळाली नाही तर खालची थप्पी भिजणारच.

खत वाहणाऱ्यांनी जास्त जपावं

युरिया, पोटॅश, अमोनियम सल्फेट ही खतं हवेतला ओलावा ओढतात. गोणी फुटून सांडलेलं खत फर्शीच्या सांध्यात बसलं की पत्रा गंजायला लागतो. खताची खेप झाली की त्याच दिवशी हौदा झाडून, पाण्यानं धुवून, फाळका उघडा ठेवून वाळवावा. खतानंतर लगेच हळद किंवा धान्य भरू नये. कीटकनाशकाचे डबे नेले असतील तर त्या मॅटवर खायचा माल टाकूच नये, त्यासाठी वेगळं अंथरूण ठेवावं.

ताडपत्री : जीएसएम म्हणजे काय?

दुकानदार म्हणतो, “ही २५० जीएसएमची आहे.” जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर ताडपत्रीचं ग्रॅममध्ये वजन. आकडा जितका मोठा तितकी ती जाड. हे खरं की खोटं हे दुकानातच तपासता येतं. १८ बाय १२ फुटांची ताडपत्री म्हणजे साधारण २० चौरस मीटर. ती खरंच २५० जीएसएमची असेल तर काट्यावर ५ किलो भरली पाहिजे. ३ किलो भरली तर ती १५० ची आहे, लेबलवर काहीही लिहिलेलं असो. विणलेल्या प्लास्टिकच्या ताडपत्रीसाठी आयएस ७९०३ हे भारतीय मानक आहे. तो शिक्का आहे का तेही पाहावं.

शेतात काढणीच्या ढिगावर टाकायला हलकी ताडपत्री चालते. रस्त्यावर धावणाऱ्या गाडीला वाऱ्याचे फटके बसतात, तिथं २५० किंवा त्याहून जाडच घ्यावी. रोज भाडं मारणाऱ्याला पीव्हीसी कोटिंगची जड ताडपत्री परवडते. ती महाग आणि जड असते, पण कोपऱ्यावर लवकर फाटत नाही. कडेला दोरी शिवलेली आहे का, कड्या (आयलेट) किती अंतरावर आहेत, आणि त्या कड्या ओढल्यावर निघतात का, हे दुकानातच हातानं ओढून पाहावं.

मापाचा हिशेब असा. कट्टे हौद्याच्या फळीच्या वर २ फूट येत असतील तर चारही बाजूंना ते २ फूट आणि फळीवरून खाली उतरायला १ फूट, म्हणजे ३-३ फूट जास्त लागतं. ९ बाय साडेपाचच्या हौद्याला १५ बाय साडेअकरा फूट झालं. बाजारातली १८ बाय १२ ची त्यात बसते. ताडपत्री फळीच्या आत खोचली तर पाणी सरळ हौद्यात उतरतं, म्हणून ती नेहमी फळीच्या बाहेरून खाली यायला हवी.

कमानी लावल्या तर पाणी साचत नाही

ताडपत्री सपाट टाकली की मध्ये डबकं होतं. पाणी साचलं की ताडपत्री ताणते आणि तिथूनच फाटते. पाइपच्या तीन-चार कमानी बसवून मध्ये उंची दिली तर पाणी दोन्ही बाजूंनी निघून जातं. पाइपची टोकं उघडी असतील तर त्यावर रबर किंवा कापड गुंडाळा, नाहीतर ताडपत्री तिथं घासून फाटते. पुढची कड केबिनकडे नीट दाबून बांधावी, कारण वारा पुढूनच आत शिरतो. गाडी निघाल्यावर माल बसतो आणि दोरी ढिली होते. म्हणून आठ-दहा किलोमीटरवर एकदा थांबून दोरी पुन्हा ओढावी. दोरीचं टोक मोकळं लोंबू देऊ नये. मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याच्या ते जिवावर बेतू शकतं.

माल थोडा ओलसर असेल तर रात्रभर ताडपत्री गच्च बांधून ठेवू नका. आतला माल गरम होतो, ताडपत्रीला आतून घाम सुटतो आणि तेच पाणी वरच्या कट्ट्यांवर टपकतं. पाऊस नसेल तेव्हा मागची बाजू मोकळी करून हवा खेळती ठेवावी. वाळवलेल्या हळदीलाही हाच नियम.

बंद बॉडी करायची असेल तर

दूध, किराणा, भाजीपाला, कुरिअर असं रोजचं काम असेल तर पत्र्याची किंवा फायबरची बंद बॉडी सोयीची पडते. चोरीची भीती कमी होते. पण धान्य वाहणाऱ्याला ती अडचणीची, कारण वरून कट्टे टाकता येत नाहीत आणि हमालीला वेळ लागतो. पत्र्यापेक्षा फायबर हलकं पडतं. उंच बॉडीमुळे गाडीचा भार वर जातो. समृद्धी महामार्गावर किंवा अकोला-वाशीम-हिंगोली रस्त्यावर उघड्या माळावरचा वारा आडवा लागला की अशी गाडी हलते. वेग कमी ठेवणं हाच त्यावर उपाय.

कागदाची बाजू जास्त महत्त्वाची आहे. आरसीवर उघडी बॉडी लिहिलेली असेल आणि ती बंद करायची असेल तर आधी परिवहन कार्यालयाची परवानगी घ्यावी आणि आरसीवर नोंद करून घ्यावी. आपल्या एमएच ३७ च्या गाड्यांसाठी हे काम वाशीमच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात होतं. परवानगीशिवाय गाडीत बदल केल्यास कायद्यात प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. विमा कंपनीलाही लेखी कळवावं. नाहीतर अपघात झाल्यावर दावा अडकतो. काढता येणारी ताडपत्री टाकून माल झाकणं हा गाडीतला बदल नाही.

मागे ट्रॉली किंवा टाकी ओढायची असेल तर

पिकअपमागे पाण्याची टाकी, फवारणीचा पंप किंवा छोटी ट्रॉली जोडायची अनेकांना इच्छा असते. आधी गाडीच्या पुस्तकात कंपनीनं ओढायला परवानगी दिली आहे का आणि किती वजनाची, ते पाहा. वेल्डिंगवाल्यानं बंपरला मारलेला हूक हा भरवशाचा नाही. ट्रॉली हे वेगळं वाहन आहे, रस्त्यावर आणायचं तर तिचीही नोंदणी लागते. ट्रॉलीचा जो भार हूकवर बसतो तो गाडीच्या मागच्या एक्सलवर येतो. म्हणून तो मालाच्या वजनात धरा आणि तेवढे कट्टे कमी भरा. ट्रॉली जोडलेली असताना फाळका खाली पडतो का, वळताना बॉडीला टेकतो का, हे रिकाम्या गाडीत एकदा करून बघा. ताडपत्रीची मागची झालर लाइट, इंडिकेटर आणि नंबर प्लेट झाकणार नाही अशी बांधा. रात्री मागून येणाऱ्याला तेवढंच दिसतं.

झाकलं म्हणून माणसं बसवू नका

वर सावली झाली की हौद्यात मजूर, वऱ्हाडी, यात्रेकरू बसवण्याचा मोह होतो. मालवाहू गाडीत माणसं नेण्याला कायद्याची परवानगी नाही, आणि अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळताना घरच्यांचे हाल होतात. दुसरा धोका डोळ्याला दिसत नाही. बंद बॉडीत किंवा मागून उघड्या ताडपत्रीखाली सायलेन्सरचा धूर मागच्या बाजूनं आत ओढला जातो. त्यातल्या विषारी वायूला वास नसतो. झोप लागल्यासारखं वाटतं आणि माणूस बेशुद्ध पडतो.

थोडक्यात

फक्त धान्य वाहणाऱ्यानं रबर मॅट, तीन-चार कमानी आणि २५० जीएसएमची १८ बाय १२ ताडपत्री एवढं केलं तरी पुरे. विटा-गिट्टीवाल्यानं चेकर पत्रा घ्यावा आणि वाढलेलं वजन मालातून कमी करावं. दूध-किराणावाल्यानं बंद बॉडी करावी, पण आधी आरसीवर नोंद. आणि भाड्यानं गाडी सांगणाऱ्या शेतकऱ्यानं कट्टे चढवायच्या आधी दोन मिनिटं काढावीत. हौद्यात हात फिरवून फर्शी कोरडी आहे का पाहावं, ताडपत्री उन्हाकडे धरून भोकं दिसतात का पाहावं. भोकं दिसली तर गाडी निघायच्या आधीच दुसरी मागावी. रस्त्यात पाऊस लागल्यावर बोलून काही मिळत नाही.