दुभाष्याचे दप्तर

पैनगंगेच्या दक्षिण तीरावरील आदिलाबाद जिल्ह्यात ज्याचे बालपण गेले, त्याला दुभाष्या म्हणजे काय हे कोशात पाहावे लागत नाही. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, आजोबांच्या पेटीतील दस्तऐवजांत उर्दू आणि उटनूरकडील आठवडी बाजारात गोंडी किंवा कोलामी असा जेथे दिवसाचा क्रम, तेथे एकाचे वाक्य संपते न संपते तोच ते दुसऱ्याच्या भाषेत उतरवून देणारा मनुष्य दुकानाच्या ओट्यावर हटकून भेटतो. संगणकाच्या शास्त्रात ज्याला इंटरप्रिटर म्हणतात, तो याच कुळातला. कंपायलर हा त्याचा भाऊबंद सबंध दस्तऐवज आधी भाषांतरित करून मग यंत्रापुढे ठेवतो. इंटरप्रिटर मात्र समोरासमोर बसतो, आपले एक वाक्य ऐकतो, ते तत्काळ अमलात आणतो आणि पुढच्या वाक्यासाठी कान टवकारून राहतो.

बाजारातील दुभाष्या मागचे बोलणे विसरून जातो. हा विसरत नाही. आपण ज्या ज्या वस्तूला नाव दिले, मग ती एखादी संख्या असो, मजकूर असो की पुनःपुन्हा करावयाच्या कामाची कृती असो, त्या प्रत्येक नावाची नोंद तो आपल्या दप्तरात करून ठेवतो. बदलत्या मूल्याच्या नावाला व्हेरिएबल म्हणतात आणि कृतीच्या नावाला फंक्शन. आमच्याकडे जमिनीचा वाद निघाला की १९५४-५५ सालच्या खसरा पहाणीची नक्कल अजूनही शोधली जाते आणि त्या नकलेसाठी अर्ज, शुल्क आणि खेपा हे तिन्ही सोसावे लागतात, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या दुभाष्याचे दुसरे वैशिष्ट्य अधिक भावेल: विचारताक्षणी तो दप्तर उघडून दाखवतो.

पायथन या भाषेचे उदाहरण घेऊ. गुइडो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या अखेरीस आम्स्टरडॅम येथे तिची रचना आरंभिली आणि १९९१ साली ती लोकांपुढे आली. तिच्या इंटरप्रिटरने तीन बाणांची खूण दाखवली की आपण बोलावयाचे. तिसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे २००८ पासून, नावे देवनागरीतही चालतात. तेव्हा मी प्रथम तूर बरोबर पाच, मग कापूस बरोबर बारा, मग ज्वारी बरोबर सात अशा एकरी पेऱ्याच्या तीन ओळी लिहिल्या आणि तिन्हींचे एकूण काढणारे ‘बेरीज’ नावाचे फंक्शन रचले. अंक तेवढे इंग्रजी वळणाचे घालावे लागतात, कारण उघडा मराठी अंक तो नाकारतो. तोच अंक अवतरणचिन्हांत घालून ‘इंट’ या फंक्शनकडे सोपवला तर मात्र बिनतक्रार स्वीकारतो. सरकारी कामात असले चमत्कारिक नियम पाहिलेल्या माणसाला याचे नवल वाटू नये.

आता डी-आय-आर ही तीन अक्षरे, म्हणजे ‘डिर’, लिहून पुढे रिकामा कंस उघडला आणि मिटला, की यादी येते. आरंभी दोन्ही अंगांस दोन-दोन अधोरेषा असलेली पाच-सात नावे दिसतात. ती इंटरप्रिटरच्या घरची, त्यांना हात लावू नये. त्यांच्यामागून कापूस, ज्वारी, तूर, बेरीज. तूर मी सर्वांआधी पेरली होती, तरी यादीत ती तिसरी, कारण ‘डिर’ नावे वर्णक्रमाने लावतो. ‘ग्लोबल्स’ हे फंक्शन बोलावले तर तीच नावे आवक रजिस्टराप्रमाणे, आलेल्या क्रमाने आणि आपापल्या मूल्यांसह पुढे येतात. यादीत व्हेरिएबल आणि फंक्शन एकाच पंक्तीला बसलेले असतात. कोण कोणत्या जातीचा हे ‘टाइप’ला विचारावे, आणि नुसते ‘बेरीज’ असे कंसाविना लिहिले तर काम न करता ‘मी अमुक नावाचे फंक्शन’ एवढाच परिचय मिळतो. फंक्शनच्या आत निर्माण झालेली नावे या यादीत येत नाहीत. ती आठवडी बाजारातल्या पालांसारखी, काम उरकले की उठतात.

या पाहणीचा उपयोग काय, असे कोणी विचारील. एकदा एका लांबलचक हिशेबात एकूण रकमेला मी भोळेपणाने ‘सम’ हे इंग्रजी नाव दिले. ‘सम’ हे पायथनचेच बेरजेचे अंगभूत फंक्शन आहे, हे त्या घाईत ध्यानी राहिले नाही. घटकाभराने बेरीज मागितली तर उत्तर आले की पूर्णांक ही बोलावण्याजोगी वस्तू नव्हे. अर्धा तास मी हिशेबात चूक शोधत राहिलो. अखेर यादी मागवली, तो माझ्या नावांत ‘सम’ बसलेला! पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया निघाला होता, तसाच हा. इंटरप्रिटर नाव शोधताना आधी आपले दप्तर पाहतो आणि तेथे न मिळाले तरच अंगभूत नावांकडे वळतो, म्हणून तोतया पुढे आणि खरा मागे राहिला होता. ‘डेल’ या आज्ञेने तोतयाचे नाव खोडताच खरा ‘सम’ आपल्या जागी हजर झाला. ‘पीक’ आणि ‘पिक’ यांतील ऱ्हस्व-दीर्घाचा घोटाळाही यादीकडे पाहताच उघडा पडतो, कारण शुद्धलेखनाच्या बाबतीत हा दुभाष्या कोणत्याही पंतोजीहून कठोर आहे.

नाव एक आणि नावाखालची वस्तू दुसरी, ही गोष्ट आदिलाबादकरांना तरी नव्याने सांगावयास नको. १९५६ च्या प्रांतरचनेत किनवट आणि राजुरा हे भाग या जिल्ह्यातून निघाले. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी निर्मल, मंचिर्याल आणि कोमरम भीम आसिफाबाद हे तीन जिल्हे वेगळे झाले. नाव मात्र आदिलाबाद तेच. व्हेरिएबललाही असेच नवे मूल्य दिले की जुने सुटते. त्या जुन्याला दुसऱ्या एखाद्या नावाने धरून ठेवलेले असेल तर ते टिकते, नाही तर इंटरप्रिटर ते झाडून टाकतो. म्हणून यादी नेहमी या घटकेची असते, पूर्वेतिहास तीत नसतो. आणि बैठक मोडली की सारे दप्तरच नाहीसे होते.

दप्तर उघडण्याची ही सोय पायथनने प्रथम काढली असे नव्हे. केनेथ आयव्हरसन यांच्या एपीएल भाषेच्या आयबीएम यंत्रांवरील प्रणालीत, १९६०च्या दशकातच, फंक्शनांची यादी आणि व्हेरिएबलांची यादी मागण्याच्या दोन स्वतंत्र आज्ञा होत्या. बॅशमध्ये ‘डिक्लेअर’ला योग्य खूण जोडली तर फंक्शनची संपूर्ण संहिताच पडद्यावर उतरते, आणि पीएचपीत या कामासाठी लांबलचक नावांची दोन फंक्शने आहेत. ज्याची जी भाषा असेल तिच्यातील ही आज्ञा त्याने बेरजेच्याही आधी शिकावी, असे माझे मत आहे.

जाता जाता एक प्रयोग अवश्य करून पाहावा. नारनूर मंडलातील गुंजाला या गावी गोंडीची हस्तलिखिते सापडली, त्यांतील लिपी २०१८ च्या जूनमध्ये, दहा अंकांसह ६३ चिन्हांनिशी, युनिकोडच्या ११ व्या आवृत्तीत दाखल झाली आणि त्याच महिन्यात निघालेल्या पायथन ३.७ ने ती आवृत्ती स्वीकारली. तेव्हापासून त्या अक्षरांत व्हेरिएबलला नाव देता येते आणि ‘डिर’च्या यादीत ते कापूस-ज्वारीच्या मागून येऊन बसते. त्या लिपीचे पहिले अक्षर पायथनच्या ‘युनिकोडडेटा’ या मोड्यूलमधील ‘नेम’ या फंक्शनला देऊन त्याचे नाव विचारले, तर ‘गुंजाला गोंडी लेटर ए’ असे उत्तर येते.