ताप उतरला, साखर चढली

उसात साखर वाढली की सभासदाला आनंद होतो, तसा आम्हांलाही होतो. उतारा अर्ध्या टक्क्याने चढला तरी गट ऑफिसात त्याची चर्चा आठवडाभर चालते. पण हीच साखर माणसाच्या रक्तात वाढली तर घर खचते. शेतकी खात्याच्या माणसाने आजारपणाचा विषय का हाती घेतला, असे सभासद बंधू-भगिनींना वाटेल. कारण सरळ आहे. गळिताचा हंगाम आणि थंडीतल्या सर्दी-खोकल्याचा हंगाम बरोबरच येतात. तोड, भरणी, खोडव्याची मशागत यांच्या घाईत घरातला ताप आपण एखाद्या गोळीवर काढतो. ताप उतरतो, माणूस पुन्हा शेतात जातो आणि प्रकरण मिटले असे सगळे समजतात.

बहुतेकांच्या बाबतीत ते खरेच मिटलेले असते. ही गोष्ट आम्ही आधीच सांगून ठेवतो, म्हणजे उगाच घबराट नको. पण थोड्यांच्या बाबतीत तापामागून मधुमेह येतो. तो मोठ्या माणसाला आला तर वर्षानुवर्षे आतून पोखरतो. लहान मुलाला आला आणि वेळेवर ओळखला नाही, तर काही दिवसांतच जीव जाऊ शकतो.

दारे धरणारा गडी

आधी शरीराची व्यवस्था समजून घेऊ. जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा सुमारे सहा इंच लांबीचा अवयव असतो. त्यात पेशींची बारीक बारीक बेटे विखुरलेली असतात. ती प्रथम १८६९ साली लँगरहॅन्स या जर्मन वैद्यकाने दाखवली, म्हणून त्यांना त्याचेच नाव आहे. या बेटांतील बीटा पेशी इन्शुलिन तयार करतात.

इन्शुलिनचे काम आपल्या भाषेत सांगायचे तर दारे धरण्याचे आहे. खाल्लेल्या भाकरीची साखर होऊन ती रक्ताच्या पाटातून वाहते. इन्शुलिन हा गडी दार उघडून ती पेशींच्या वाफ्यात सोडतो. गडीच नसेल, तर पाट तुडुंब भरून वाहतो आणि वाफे मात्र कोरडे राहतात. मधुमेहाचे हेच गौडबंगाल आहे. रक्तात साखर उतू जाते आणि शरीर उपाशी राहते. जास्तीची साखर लघवीवाटे जाऊ लागते, ती आपल्याबरोबर पाणी ओढून नेते, म्हणून तहान लागते. वाफे कोरडे पडले की शरीर आपलीच चरबी आणि मांस जाळू लागते, म्हणून वजन उतरते.

मधुमेहाचे मुख्य प्रकार दोन. पहिल्या प्रकारात गडीच मरतो, म्हणजे बीटा पेशी नष्ट होतात. हा बहुधा मुलांत आणि तरुणांत दिसतो. दुसऱ्या प्रकारात गडी असतो, पण दारे गाळाने घट्ट बसलेली असतात. ती उघडता उघडता तो थकून जातो. मोठ्या माणसांत दिसतो तो बहुतेक हाच. श्वसनाच्या विषाणूचा संबंध या दोन्ही प्रकारांशी येतो, मात्र वेगवेगळ्या वाटेने.

दहा वर्षांचा एक मुलगा

विषाणू आणि मधुमेह यांची शंका जुनी आहे. गालगुंडाच्या आजारानंतर मधुमेह झाल्याची नोंद नॉर्वेतील एका डॉक्टरांनी १८६४ सालीच केली होती. पुढे १९६९ साली इंग्लंडमध्ये असे दिसून आले की, लहान वयात होणारा मधुमेह वर्षभर सारखा होत नाही. तो ऋतूप्रमाणे कमी-जास्त होतो आणि त्याचा चढउतार कॉक्सॅकी बी-४ या विषाणूच्या साथीशी जुळतो. हा विषाणू घशातून व पोटातून पसरतो आणि त्याची सुरुवात साध्या फ्लूसारखीच असते.

पण साथ आणि आजार यांची वेळ जुळली म्हणजे एकाने दुसरा घडवला, असे म्हणता येत नाही. पुरावा १९७९ साली पुढे आला. अमेरिकेत दहा वर्षांचा एक धडधाकट मुलगा फ्लूसारख्या तापाने आजारी पडला. तीन दिवसांच्या आत त्याला मधुमेहाच्या गंभीर अवस्थेत रुग्णालयात न्यावे लागले आणि सात दिवसांनी तो दगावला. डॉक्टरांनी त्याच्या स्वादुपिंडातून विषाणू वेगळा काढला. तो कॉक्सॅकी बी-४ शी मिळताजुळता निघाला. तो उंदरांना टोचला, तेव्हा उंदरांचीही साखर चढली आणि त्यांच्या बीटा पेशी मेलेल्या आढळल्या.

विषाणूने बीटा पेशींवर असा थेट आणि इतक्या झटपट घाला घालणे विरळ आहे. बहुतेक मुलांत गोष्ट सावकाश घडते. विषाणूशी लढण्यासाठी शरीराने उभी केलेली फौज चुकून आपल्याच बीटा पेशींवर उलटते. ताप कधीच गेलेला असतो, पण आतली तोड चालूच राहते, कधी काही महिने तर कधी काही वर्षे. निम्म्याहून अधिक गडी कामी आल्यावर बाहेर लक्षणे दिसू लागतात.

याबद्दलची एक मोठी पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. अमेरिका, फिनलंड, जर्मनी आणि स्वीडन या देशांत, ज्यांना जन्मतःच मधुमेहाचा धोका जास्त आहे अशा ७,८६९ मुलांवर लहानपणापासून लक्ष ठेवले गेले. आईबापांनी सर्दी, खोकला, घसा, फ्लू यांच्या ८७ हजारांवर नोंदी दिल्या. त्यांतील ४५४ मुलांच्या रक्तात बीटा पेशींविरुद्धची प्रतिद्रव्ये दिसू लागली, म्हणजे फौज उलटल्याची ती पहिली खूण. आधीच्या नऊ महिन्यांत ज्यांना श्वसनाचे आजार अधिक झाले, त्यांच्यात ही खूण अधिक दिसली. वर्षाला एक आजार वाढला की धोका सुमारे ५.६ टक्क्यांनी वाढत होता.

हा आकडा नीट वाचावा. सर्दी झाली की मधुमेह झाला, असा त्याचा अर्थ नाही. बी मुळातच नाजूक असेल, तर वरचेवरचा आजार त्याला धक्का देतो, एवढाच अर्थ.

कोविडने शिकवलेले

मोठ्या माणसांचा हिशेब कोविडच्या साथीने मांडला. अमेरिकेत निवृत्त सैनिकांसाठी सरकारी रुग्णालये आहेत. तेथील नोंदींवरून २०२२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कोविड होऊन गेलेल्या १ लाख ८१ हजार जणांची तुलना कोविड न झालेल्या ४१ लाखांहून अधिक जणांशी केली गेली. वर्षभरात कोविड झालेल्यांत नव्याने मधुमेह होण्याचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी जास्त आढळला. दर हजारी सुमारे १३ माणसे जास्तीची. एकरी दहा हजार टिपऱ्या धरल्या, तर एकशे तीस-पस्तीस टिपऱ्या. तेवढ्यासाठी कोणी लागण मोडत नाही, पण नांग्या बघायला शहाणा शेतकरी सरीतून एक फेरी मारतोच. आमचे म्हणणे तेवढेच आहे.

इंग्लंडमधील १ कोटी ६० लाखांहून अधिक लोकांच्या नोंदींवरून २०२४ साली आणखी दोन गोष्टी समजल्या. लस घेतलेल्यांत हा धोका कमी होता. आणि कोविडनंतर ज्यांना दुसऱ्या प्रकारचा मधुमेह निघाला, त्यांतील सुमारे साठ टक्के लोकांत तो चार महिन्यांनंतरही टिकून होता. म्हणजे काहींचा परततो आणि बऱ्याच जणांचा राहतो. तो पुन्हा तपासल्याशिवाय कळत नाही.

हे घडते कसे? एक तर, मोठ्या तापात शरीर लढाईसाठी कोठार उघडते. ताणाची संप्रेरके यकृतातील साठवलेली साखर रक्तात सोडतात आणि त्याच वेळी दारेही घट्ट करतात. दुसरे, आजार गंभीर असेल तर डॉक्टर स्टेरॉइड देतात. २०२० साली कोविडमध्ये प्राणवायू लावावा लागलेल्या अनेकांचे प्राण याच औषधाने वाचले, पण त्याने साखर वाढते. आपल्या राज्यात २०२१ साली काळ्या बुरशीने जी माणसे गेली, त्यांतील पुष्कळांची साखर हाताबाहेर गेलेली होती. तिसरे, विषाणू स्वतः बीटा पेशींत शिरू शकतो. कोविडने दगावलेल्या काहींच्या बीटा पेशींत तो सापडल्याचे २०२१ साली दाखवण्यात आले.

आणि चौथी गोष्ट आपल्या घरची आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला आत ढकलायला एक मोठा ताप पुरतो. "मी तर सडपातळ, मला कशाचा मधुमेह" हे म्हणणेही आपल्याकडे टिकत नाही. दिसायला बारीक असलेल्या आपल्या माणसांच्या अंगात चरबीचे प्रमाण जास्त असते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी फार पूर्वीच दाखवून दिले आहे.

अशक्तपणा की साखर?

आता मुख्य मुद्दा. बांधावर हिंडताना आमच्या कानांवर नेहमी येते, "ताप गेला, पण अंगात कस राहिला नाही." मग अशक्तपणावर घरगुती इलाज सुरू होतात. उसाचा रस, गूळपाणी, ग्लुकोजची पूड. तेवढ्याने भागले नाही तर "डॉक्टर, एक ग्लुकोजचं सलाईन लावा." तापानंतरचा अशक्तपणा बहुधा खरा अशक्तपणाच असतो. पण तो साखरेचा असेल, तर हे सगळे इलाज म्हणजे तुडुंब पाटात आणखी पाणी सोडण्यासारखे आहेत.

ऊस तोडीला आला की नाही, हे नुसता पाला बघून आपण ठरवत नाही. कांड्याला टोचून रसाचा एक थेंब ब्रिक्स मीटरवर घेतो. माणसाच्या बाबतीतही बोटाला टोचून रक्ताचा एक थेंब यंत्रावर घेतला की मिनिटाच्या आत उत्तर मिळते. सलाईन लावण्याआधी हा थेंब बघायला सांगावे, त्यात संकोच नको.

लहान मुलाकडे विशेष लक्ष असावे. तापानंतरच्या दिवसांत किंवा महिन्यांत पुढील गोष्टी दिसल्या तर थांबू नये:

१. मूल सारखे पाणी मागते, रात्री उठून पाणी पिते.
२. लघवी वारंवार होते. अंथरूण ओले करणे सुटलेले मूल पुन्हा ओले करू लागते. लघवीच्या जागी मुंग्या लागतात.
३. खाऊनपिऊन वजन उतरते, कपडे सैल होतात.
४. पोट दुखते, उलट्या होतात, श्वास खोल आणि जोराने चालतो, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतो, मूल पेंगते.

पहिल्या तीनपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी साखर तपासावी. चौथे दिसले तर ती तातडीची वेळ आहे. पोटदुखीला "काहीतरी बाधलं" आणि जोराच्या श्वासाला "छातीत कफ झाला" म्हणून घरी ठेवू नये. रात्र असली तरी गाडी काढून मोठ्या रुग्णालयात न्यावे. १९२२ साली कॅनडात इन्शुलिन प्रथम माणसाला दिले गेले, त्यापूर्वी अशा मुलांना उपाय नव्हता. आज आहे, फक्त मूल वेळेवर पोचले पाहिजे.

आणखी एक इशारा. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्शुलिन सुरू केल्यावर काही महिने साखर चांगली राहते आणि डोस कमी लागतो. उरलेल्या पेशींना थोडी उसंत मिळते, म्हणून असे होते. घरच्यांना वाटते आजार गेला. मग कोणीतरी झाडपाला सुचवतो आणि इन्शुलिन बंद होते. हे करू नये. यात मुले दगावतात.

मोठ्यांसाठी आमचे सांगणे असे. न्यूमोनिया, कोविड, इन्फ्लुएंझा अशा आजारातून उठल्यावर, विशेषतः रुग्णालयात राहावे लागले असेल किंवा स्टेरॉइड घेतले असेल, तर दोन-तीन महिन्यांनी एकदा साखर तपासून घ्यावी. उपाशीपोटी १२६ किंवा अधिक, अथवा तीन महिन्यांच्या सरासरीच्या तपासणीत ६.५ टक्के किंवा अधिक आकडा आला तर तो मधुमेहाचा समजतात. उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे उंबरठा. आकडा वाढलेला निघाल्यास डॉक्टर तपासणी पुन्हा करून खात्री करतात. तीस वर्षांवरील माणसांची ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते.

ज्यांना मधुमेह आधीच आहे, त्यांनी तापात साखर जास्त वेळा बघावी. जेवण जात नाही म्हणून इन्शुलिन आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे. फ्लूच्या लशीबद्दलही त्यांच्याशी बोलून घ्यावे.

तोडणीला आलेल्या मंडळींनाही हे सांगणे आपले काम आहे. कोपीत राहणाऱ्या, पहाटेच्या थंडीत आईबापांबरोबर फडात येणाऱ्या पोरांना ताप-खोकला नेहमीचाच. त्यांच्या घरापासून दवाखाना दूर आणि ओळखीचे माणूस कोणी नाही. आपल्या फडात एखादे पोर सारखे पाण्याच्या घागरीकडे धावताना दिसले, तर मुकादमाला हाक मारावी आणि आपल्या मोटारसायकलवर त्याला आरोग्य केंद्रात पोचवावे. त्या दिवशी फडातली एखादी मोळी कमी पडली तरी हरकत नाही.