शाळेतील परिचारिका आणि तिला घडविणाऱ्या शिक्षिका

न्यूयॉर्क शहराच्या आरोग्यखात्याने 1897 साली दीडशे डॉक्टर शाळांच्या तपासणीवर नेमले आणि ज्या मुलाच्या डोक्यात उवा, हातांवर खरूज, अंगावर नायटा किंवा डोळ्यांत खुपऱ्या आढळतील त्याला तत्काळ घरी पाठवावे असा हुकूम दिला, तेव्हा साथ पसरू नये हाच त्यामागील शुद्ध हेतू होता. परंतु घरी धाडलेल्या मुलाचे पुढे काय व्हावे, याची तजवीज त्या हुकुमात कोठेच नव्हती. शहराच्या पूर्वभागातील दाट चाळींत रशिया, पोलंड, इटली येथून नुकत्याच येऊन राहिलेल्या मातांना मुलाच्या हाती दिलेली चिठ्ठी वाचता येत नसे. चिठ्ठी तशीच राही, मूल दिवसभर रस्त्यावर भटके आणि संध्याकाळी शाळा सुटली की त्याच वर्गातील सवंगड्यांशी खेळे. अशा रीतीने रोग होता तेथेच राहिला, विद्या मात्र सुटली.

याच वस्तीत 1893 पासून लिलियन वॉल्ड या परिचारिकेने आपले सेवाकेंद्र चालविले होते, आणि तेच पुढे हेन्री स्ट्रीट या नावाने प्रसिद्ध झाले. डोक्यावरील इसबामुळे शाळेतून वारंवार परत पाठविला गेलेला, बारा वर्षांचा होऊनही अक्षरशत्रू राहिलेला एक मुलगा त्यांना तेथे भेटला. औषध त्याच्या घरी होते. ते रोज नेमाने कसे लावावे, हे त्या घराला कोणी दाखविलेले नव्हते. वॉल्डबाईंनी ते दाखविले आणि मुलगा शाळेत गेला. ही हकीकत त्यांनी आपल्या आठवणींत नोंदविली आहे, आणि शालेय आरोग्यसेवेचे सारे मर्म तिच्यात सामावले आहे असे मला वाटते.

1902 साली शहराच्या आरोग्याधिकाऱ्यांपुढे त्यांनी एक सूचना मांडली: एक परिचारिका महिनाभर आपण उसनी देऊ; मात्र प्रयोग यशस्वी ठरल्यास अशा परिचारिकांचा पगार सार्वजनिक तिजोरीतून मिळावा म्हणून अधिकाऱ्यांनी आपले वजन खर्च करावे. त्यानुसार 1 ऑक्टोबर रोजी लीना रॉजर्स कामावर रुजू झाल्या. टोरोंटोच्या बालरुग्णालयात शिकून आलेल्या या तरुण परिचारिकेच्या वाट्याला चार शाळा आणि सुमारे दहा हजार मुले आली. वर्गात चारचौघांत मुलाला लाज वाटू नये म्हणून कार्डावर रोगाचे नाव न लिहिता सांकेतिक आकडा लिहिण्याची वहिवाट पडली. उवा झालेल्या डोक्याला घासलेट आणि गोडे तेल समभाग मिसळून चोळावयाचे व दुसऱ्या दिवशी केस स्वच्छ धुवावयाचे, असा त्या काळचा उपाय होता (आज तो कोणी करू नये). आमच्या बालपणी अशा मुलीला शेवटच्या बाकावर एकटी बसवीत. तिची खाली घातलेली मान ज्याने पाहिली आहे, त्याला कार्डावरील त्या मुक्या आकड्याचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

शाळा आटोपली की रॉजर्सबाई चाळींचे जिने चढून घरोघर जात. जेथे मुलाला घरी धाडण्याचे कारणच कोणाला उमगलेले नसे, तेथे मातेसमोर बसून, पाणी तापवून, फडके भिजवून, ती कृती स्वतःच्या हातांनी करून दाखवीत. 1902 च्या सप्टेंबरात आजारापायी शाळेबाहेर काढलेल्या मुलांची संख्या 10,567 होती. पुढील वर्षीच्या सप्टेंबरात ती 1,101 वर आली. तोवर शहराने आणखी परिचारिकांना मंजुरी दिली होती आणि त्यांना कामाला लावण्याची जबाबदारी रॉजर्सबाईंकडेच आली होती.

खरी अडचण येथून पुढे सुरू झाली. इस्पितळात तयार झालेल्या परिचारिकेला खाटेवर निजलेल्या रुग्णाची आणि डॉक्टरच्या लेखी आज्ञेची सवय असते; शाळेत रोगी धावत असतो, त्याची आई शिवणयंत्रावर वाकलेली असते, वर्गशिक्षिकेचे लक्ष घड्याळाकडे असते आणि डॉक्टर निघून गेलेला असतो. अशा जागी जिला उभे राहावयाचे, तिला शुश्रूषेबरोबर अध्यापनही आले पाहिजे. ते शिकवावे कोणी? या प्रश्नाला ज्या बाईंनी आपले उत्तरायुष्य वाहिले त्या मेरी अ‍ॅडलेड नटिंग. त्या 1907 साली कोलंबिया विद्यापीठाच्या शिक्षक-महाविद्यालयात प्राध्यापक झाल्या, आणि विद्यापीठात हे पद मिळविणाऱ्या त्या जगातील पहिल्या परिचारिका होत. शिक्षक जेथे घडतात त्याच छपराखाली परिचारिकाही शिकू लागल्या, ही गोष्ट मला त्या पदाहूनही महत्त्वाची वाटते. 1910 साली हेलन हार्टली जेंकिन्स यांच्या देणगीतून तेथे शुश्रूषा व आरोग्य असा स्वतंत्र विभाग उघडला. शाळांसाठी आणि वस्त्यांसाठी परिचारिका तयार करणे हे त्याचे एक घोषित कार्य होते, आणि त्याला वॉल्डबाईंचा भक्कम पाठिंबा होता.

त्याच साली रॉजर्सबाई टोरोंटोला परतल्या आणि तेथील शाळांची परिचारिकासेवा त्यांनी उभी केली. दात घासण्याची आणि नाक शिंकरण्याची कवायत वर्गावर्गात सुरू झाली, आणि धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन वाढणाऱ्या मुलींसाठी छोट्या मातांचे वर्ग भरू लागले. 1917 साली त्यांनी हा सारा अनुभव 'द स्कूल नर्स' या ग्रंथात बांधला. पुढे 1965 साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचर्येच्या अध्यापिकेने डॉ. हेन्री सिल्व्हर यांच्यासह बालकांची तपासणी स्वतः करू शकणाऱ्या परिचारिकांचा अभ्यासक्रम आखला, त्यातही हाच वारसा दिसतो.

आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ 2013 च्या फेब्रुवारीत पालघर येथे झाला. त्याच्या फिरत्या पथकात दोन वैद्यकीय अधिकारी, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका अशी रचना आहे. वजनकाटा, उंचीची पट्टी आणि नोंदवही सांभाळण्यातच त्या सिस्टरचा शाळेतील सारा वेळ सरू नये. मुलांसमोर उभे राहून बोलण्यास तिला निदान एक तास मिळावा, आणि तो तास कसा घ्यावा हे तिला परिचर्या महाविद्यालयातच शिकविलेले असावे, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

हेन्री स्ट्रीटच्या परिचारिकेचे एक जुने छायाचित्र प्रसिद्ध आहे. एका चाळीचे जिने उतरून दुसरीचे चढण्यात वेळ जाऊ नये म्हणून ती हाती पिशवी घेऊन गच्चीवरूनच पलीकडच्या गच्चीवर जात आहे.