‘स्टोरी तयार आहे’ म्हणजे नक्की काय तयार आहे?

मुलुंडमध्ये एकांकिका करणारी, कालिदास नाट्यगृहात लागलेलं नवं नाटक न चुकवणारी मुलं भेटली की बोलता बोलता एक वाक्य येतंच : “माझ्याकडे फिल्मची स्टोरी तयार आहे, फक्त प्रोड्युसर हवा.” आणि लगेच आवाज खाली आणून, “पण कुणाला सांगत नाही, चोरतील.” पटकथालेखनाबद्दलचे बहुतेक गैरसमज या दोन वाक्यांत सापडतात. त्यांचा फटका सगळ्यात आधी नव्या लेखकाला बसतो, म्हणून ते एकदा नीट तपासून पाहायला हवेत.

कथा सुचली की पटकथा झालीच, उरतात फक्त संवाद, हा त्यातला सगळ्यात पक्का समज. ‘अर्धसत्य’ (१९८३) या एका चित्रपटाची श्रेयनामावली त्यावर पुरेशी आहे. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची, ‘सूर्य’. पटकथा विजय तेंडुलकरांची. हिंदी संवाद वसंत देव यांचे. दिग्दर्शक गोविंद निहलानी. कथा, पटकथा आणि संवाद ही तीन वेगळी कामं आहेत आणि इथे ती तीन वेगळ्या माणसांनी केली. पानवलकरांची कथा आधीच छापून आलेली होती. ‘स्टोरी तयार’ होती. तरी तेंडुलकरांना काम उरलंच. अनंत वेलणकर या फौजदाराची घुसमट कुठल्या प्रसंगात दिसेल, कुठला प्रसंग आधी येईल, कुठला गाळायचा, हे सगळं ठरायचंच होतं.

हे काम कसं चालतं ते एका छोट्या प्रसंगावरून बघू. कथालेखक एका ओळीत लिहून मोकळा होतो : ‘नोकरी गेल्याचं त्याने घरी सांगितलं नव्हतं.’ कॅमेऱ्याला ‘सांगितलं नव्हतं’ दिसत नाही. पटकथेत ते असं उतरेल :

दृश्य १४. मुलुंड स्टेशन, फलाट. दिवस.
इस्त्रीचा शर्ट, खांद्याला ऑफिसची बॅग, पन्नाशीचा माणूस बाकावर बसलेला. लोकल येते. गर्दी चढते. लोकल जाते. तो तिथेच.

दृश्य १५. तोच फलाट. दुपार.
फलाटावरची गर्दी ओसरलेली. तो डबा उघडतो. समोरचा बूटपॉलिशवाला त्याच्याकडे बघून ओळखीचं हसतो आणि न सांगता पाण्याची बाटली पुढे करतो.

या दोन दृश्यांत संवाद एकही नाही. पण त्या ओळखीच्या हसण्यामुळे प्रेक्षकाला कळतं की हा माणूस इथे आज पहिल्यांदा बसलेला नाही, आणि घरून डबा आलाय म्हणजे घरी काही माहीत नाही. प्रेक्षकाने हे स्वतः जुळवलेलं असतं, म्हणून ते त्याला लागतं. पात्राच्या तोंडी “मी घरी सांगितलेलं नाही” असं वाक्य घातलं असतं तर माहिती पोचली असती, पण ती लागली नसती. पटकथा म्हणजे संवाद नव्हे, हे मी पुनःपुन्हा सांगतो ते यासाठी. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ या मराठी चित्रपटाला २०२० साली व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट पटकथेचं पारितोषिक मिळालं. त्यात शास्त्रीय गायन शिकणारा शरद रात्रीच्या रिकाम्या रस्त्यांवरून मोटारसायकल चालवत माई या गायिकेच्या ध्वनिमुद्रित शिकवणुकीचे बोल ऐकत राहतो. तोंडाने तो काहीच बोलत नाही, आणि तरी त्याचं आयुष्य कुठे अडलंय ते आपल्याला समजत जातं. ती दृश्यंही पटकथाच आहेत.

पटकथा हा कामाचा कागदही असतो, आणि हे नवोदितांना कुणी फारसं सांगत नाही. वरच्या दृश्यात लेखकाने ‘स्टेशन’ लिहिलं की निर्मितीच्या बाजूने रेल्वेची परवानगी, गर्दीसाठी ज्युनिअर आर्टिस्ट आणि लोकलचं वेळापत्रक सांभाळणं आलं. ‘दिवस’ खोडून ‘रात्र’ केलं की लाइट वाढले. ‘पाऊस पडतोय’ एवढे दोन शब्द लिहिले की टँकर आला. एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, असा अंदाज धरून सहायक दिग्दर्शक पानाचे आठ भाग पाडतो आणि रोज किती शूट होईल ते मोजतो. हे माहीत असलेला लेखक पाऊस तेव्हाच लिहितो जेव्हा पावसावाचून प्रसंग उभा राहत नाही. फॉरमॅट आणि सॉफ्टवेअर आठवड्याभरात येतं. ही जाण यायला मात्र वेळ लागतो.

आता ‘चोरतील’ची भीती. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, हे आपल्याकडे १९७८ पासून स्पष्ट आहे. आर. जी. आनंद यांनी दावा केला होता की त्यांच्या ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकावरून ‘न्यू दिल्ली’ (१९५६) हा चित्रपट उचलला आहे. प्रांतवादावर बोलणारी प्रेमकथा, हा विषय दोन्हीकडे होता. सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की विषय, कल्पना, कथानकाचा ढाचा यांवर कुणाची मालकी नसते. संरक्षण मिळतं ते त्या कल्पनेच्या मांडणीला. आनंद हरले. म्हणून चहाच्या टपरीवर सांगितलेली ‘जबरदस्त स्टोरी’ कायद्याच्या दृष्टीने कुणाचीच नसते. तिची दृश्यं लिहून काढली, पात्रं उभी केली, घटनांची गुंफण कागदावर आली, की ती तुमची होते. चोरीची भीती वाटत असेल तर गप्प बसण्यापेक्षा लिहून काढणं जास्त उपयोगी आहे.

लिहिल्यावर नोंदणी. “नोंदणी केली की हक्क मिळतो” हाही समजच. भारतात हक्क लिहिताक्षणी मिळतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. अंधेरीतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये (आधीची फिल्म रायटर्स असोसिएशन) नोंदलेली पटकथा एवढंच सिद्ध करते की अमुक तारखेला हा मजकूर या माणसाकडे होता. पण वाद झाला तर ती तारीखच कामाला येते, म्हणून नॅरेशनला, म्हणजे निर्मात्याला गोष्ट ऐकवायला, जाण्याआधी नोंदणी कराच. हे आता ऑनलाइन होतं. संस्थेची तंटा सोडवणारी समितीही आहे, आणि सभासदाला तिच्याकडे जाता येतं.

“लिहायचं तर अंधेरीला राहायला जावं लागतं” हा समजही मुलुंड-भांडुपमध्ये फार ऐकू येतो. खोलीचं भाडं भरण्यात लिहिण्याचे तास गेलेली मुलं मी पाहिली आहेत. लेखन घरी होतं. मीटिंगला घाटकोपरहून मेट्रोने जाता येतं. नकाशात तर मुलुंड आणि गोरेगावची चित्रनगरी शेजारीशेजारीच आहेत, मध्ये फक्त राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे जुळे बोगदे चित्रनगरीपासून मुलुंडच्या खिंडीपाड्यापर्यंत, सुमारे ४.७ किलोमीटर, या डोंगरांखालून जाणार आहेत.

शेवटचा गैरसमज सगळ्यात महाग पडतो : “आधी काम करू, कराराचं नंतर बघू.” कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सही केलेलं नसेल तर ते वैधच नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. निर्मात्याने हक्क घेऊन वर्षभर काहीच केलं नाही तर, करारात वेगळं काही ठरलं नसेल, ते हक्क लेखकाकडे परत येतात. ‘सर्व हक्क कायमचे’ असं वाक्य दिसलं की थांबून वाचा. त्या एका वाक्याने पाच वर्षांच्या मुदतीची सोय गेली.

हक्क विकले तरी दोन गोष्टी लेखकाकडे उरतात. एक, लेखक म्हणून नाव. कलम ५७ तो हक्क देतं. ‘जंजीर’च्या (१९७३) वेळी सलीम-जावेद यांनी माणूस लावून मुंबईतल्या पोस्टरांवर आपली नावं रंगवून घेतली होती. करारात श्रेयाची ओळ असेल तर ती वेळ येत नाही. दुसरी गोष्ट रॉयल्टी. २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटात वापरलेल्या साहित्यकृतीच्या लेखकाला, थिएटरमधलं प्रदर्शन सोडून बाकीच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीत समान वाट्याचा हक्क आहे. तो सोडून देता येत नाही. सोडल्याचा करार केला तरी तो रद्दबातल ठरतो. संसदेत ही दुरुस्ती लावून धरणाऱ्यांत जावेद अख्तर होते. गीतकार आणि संगीतकारांसाठी वसुलीची यंत्रणा आयपीआरएस या संस्थेच्या रूपाने जुनी आहे, पटकथाकारांची घडी अजून बसायची आहे. थिएटरमध्ये दोन आठवडे टिकून पुढे वर्षानुवर्षं टीव्हीवर आणि फोनवर पाहिल्या जाणाऱ्या मराठी चित्रपटांच्या लेखकांना रॉयल्टीच्या याच तरतुदीची सगळ्यात जास्त गरज आहे, आणि सही करताना ती माहीत असलेले लेखक आज फार थोडे आहेत.