थ्री नॉट थ्री आणि तिचं काडतूस

आमच्या केडगावाशेजारी दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत. त्यामुळे ‘थ्री नॉट थ्री’ हे नाव इकडच्या पोरासोरांनाही ठाऊक. पण एखाद्या घरी आजोबांच्या ट्रंकेत जुनं काडतूस सापडतं आणि कुणीतरी विचारतं, ‘हे कुठल्याही जुन्या रायफलीत चालेल का?’ उत्तर एका शब्दाचं आहे : नाही.

ली-एन्फिल्डच्या ठेवणीवर आपल्या देशात निदान चार हत्यारं वापरली गेली. मूळ .३०३, तिचीच नळी रुंद करून पोलिसांना दिलेली.४१० मस्केट, १९६२ च्या चीन युद्धानंतर इशापूरला तयार झालेली ७.६२ मि.मी. रायफल, आणि परवानाधारक नागरिकांसाठीची.३१५. लांबून पाहिलं तर चौघी सख्ख्या बहिणी. काडतूस मात्र प्रत्येकीचं वेगळं.

.३०३ चं पितळी कवच ५६ मि.मी. लांब, बुडाशी बाहेर आलेली कड. ७.६२ चं कवच ५१ मि.मी., कड बाहेर नाही आणि दाब अधिक. .४१० मध्ये .३०३ चं काडतूस शिरतं, आणि धोका तिथेच आहे. कवचाला सगळीकडून आधार मिळत नाही. ते फाटतं आणि तापलेला वायू नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांकडे उलटतो.

म्हणून रूपावर जाऊ नये. नळीवरचा आकडा आणि काडतुसाच्या बुडावरचा शिक्का जुळलाच पाहिजे. आकडा पुसट असेल, तर जाणत्या, परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्यावं.

दुसरी गोष्ट वयाची. आपल्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. तिथल्या .३०३ काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरं आणि साल दिसतं. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार झाल्यावर त्याचा क्षार नळीत राहतो, हवेतला ओलावा ओढतो आणि गंज चढतो. नुसतं तेल पुरत नाही. आधी गरम पाणी, मग कोरडं पुसणं, मग तेल. हिरवट डाग, भेग किंवा सैल गोळी दिसली की ते काडतूस बाद. चाप ओढूनही बार झाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून थांबावं. बोल्ट लगेच उघडू नये.

शेवटी कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बाळगणं हा गुन्हा आहे, आणि .३०३ सर्वसामान्य नागरिकांसाठी निषिद्ध बोअरमध्ये मोडते. तेव्हा ट्रंकेत सापडलेलं काडतूस ठोकू नका, चुलीजवळ ठेवू नका, ‘चालतं का’ ते पाहू नका. पोलीस ठाण्याला कळवा. आजोबांची आठवण म्हणून त्यांचा फोटो पुरेसा आहे.