शाळा आणि संविधान (लेखांक ६) : परिपाठातील उद्देशिका

मागील लेखांकात नागरिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून संविधान कसे शिकवले जाते याचा विचार झाला. प्रस्तुत लेखांकाचा विषय त्याला लागूनच आहे, तरी त्याहून निराळा आहे. कारण येथे संविधान वाचून समजून घेण्याचा नव्हे, तर ते सर्वांनी मिळून मोठ्याने म्हणण्याचा प्रश्न आहे. महाराष्ट्रातील शाळांचा दिवस परिपाठाने सुरू होतो. वर्ग भरण्यापूर्वी सर्व विद्यार्थ्यांनी पटांगणात किंवा सभागृहात एकत्र येऊन पार पाडावयाच्या या नित्यक्रमात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बोधकथा आणि पुष्कळ ठिकाणी पसायदानही असते, आणि २०२३ पासून त्यात राज्यगीताची भर पडली आहे. या क्रमात संविधानाच्या उद्देशिकेचे सामूहिक वाचन २६ जानेवारी २०२० पासून राज्यातील सर्व शाळांना अनिवार्य करण्यात आल्याचे तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी जाहीर केले. तशी सूचना २०१३ मध्येच निघाली होती, पण ती बव्हंशी कागदावर राहिली. आणि त्याच्याही आधी, २००५ मध्ये, नागपूर जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी ई. झेड. खोब्रागडे यांनी आपल्या अखत्यारीतील शाळांत उद्देशिकेच्या वाचनाचा उपक्रम सुरू केला होता. कर्नाटक सरकारनेही २०२३ मध्ये शाळा-महाविद्यालयांसाठी असाच निर्णय घेतला. मुलांकडून अशी राष्ट्रीय दस्तऐवजाची उच्चारणा करून घ्यावी काय, आणि घ्यावयाची तर कोणत्या मर्यादेत, हा या लेखांकाचा विषय आहे.

हे संविधान कोणी केले, कोणत्या प्रकारचे राज्य घडवण्यासाठी केले आणि नागरिकांना त्यातून काय मिळावयाचे आहे, हे संविधानाच्या आरंभी ज्या एका दीर्घ वाक्यात सांगितले आहे, त्याला उद्देशिका म्हणतात. सरनामा आणि प्रास्ताविका ही तिचीच रूढ नावे आहेत. या वाक्याची रचना नीट पाहिल्याखेरीज मुलांच्या तोंडी त्याचे काय होते हे कळणार नाही. वाक्याचा कर्ता, म्हणजे ‘आम्ही, भारताचे लोक’, अगदी आरंभी येतो आणि ‘अर्पण करीत आहोत’ हे क्रियापद अगदी शेवटी. या दोहोंच्या मध्ये गणराज्याची विशेषणे, न्यायाचे सामाजिक, आर्थिक व राजनैतिक असे तीन प्रकार, स्वातंत्र्याची पाच क्षेत्रे, दर्जाची व संधीची अशी दुहेरी समानता आणि बंधुता इतका मजकूर अर्धविरामांनी सांधलेला आहे. ‘प्रवर्धित करणे’ म्हणजे वाढीस लावणे आणि ‘अधिनियमित करणे’ म्हणजे कायद्याचे रूप देणे, हे चौथीच्या मुलाला कोणी सांगितलेले नसते. त्यामुळे छापील पानावर ओळ जेथे तुटते तेथे आवाज थांबतो, अर्थ जेथे पुरा होतो तेथे थांबत नाही, आणि समूहाचा ठेका एकदा बसला की कर्ता आणि क्रियापद यांची गाठ कधी पडतच नाही. सामूहिक वाचनावर जी टीका होते तिचे मूळ येथे आहे, आणि ती टीका खरी आहे.

तथापि पाठांतर म्हटले की ते निरर्थकच, असे मानणे मराठी शाळेच्या अनुभवाला धरून नाही. पाढे आधी तोंडी बसतात आणि गुणाकाराचा अर्थ पुढे उलगडतो. आधी जिभेवर आलेला मजकूर पुढे बुद्धीच्या उपयोगी पडतो, मात्र त्यासाठी पुढचा टप्पा शाळेने खरोखर गाठावा लागतो. म्हणून ‘अर्थ कळत नाही, तर म्हणूच नये’ हा आक्षेप पुरेसा ठरत नाही. मुलाला जे म्हणावयास लावले जाते ते त्याला कोणाच्या जागी उभे करते, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे.

या दृष्टीने जपानचा इतिहास उद्बोधक आहे. ३० ऑक्टोबर १८९० रोजी सम्राट मेइजी यांच्या नावे शिक्षणविषयक राजाज्ञा प्रसृत झाली. राजाज्ञा म्हणजे राजाने प्रजेला उद्देशून काढलेले आज्ञापत्र. आईवडिलांची सेवा, भावंडांतील सलोखा, विद्याभ्यास अशा सद्गुणांबरोबरच संकटसमयी राज्यासाठी स्वतःला वाहून घ्यावे आणि सिंहासनाचे रक्षण करावे, असा उपदेश तीत होता. तिच्या प्रती देशभरातील शाळांना देण्यात आल्या, समारंभाच्या दिवशी मुख्याध्यापक ती गंभीरपणे वाचून दाखवीत आणि मुलांना ती मुखोद्गत करावी लागे. जानेवारी १८९१ मध्ये तोक्यो येथील एका उच्च शिक्षणसंस्थेतील शिक्षक उचिमुरा कान्झो यांनी सम्राटाची स्वाक्षरी असलेल्या प्रतीपुढे पुरेसे वाकून नमन केले नाही, एवढ्यावरून गदारोळ उठला आणि त्यांना नोकरी गमवावी लागली. ती राजाज्ञा संसदेच्या ठरावांनी अमान्य होण्यास जून १९४८ उजाडावा लागला. जी पिढी रोज तिच्या सावलीत वाढली तिचे पुढे महायुद्धात काय झाले, हे सर्वज्ञात आहे. तिच्यातील कित्येक सद्गुण स्वतंत्रपणे पाहता निर्दोष होते. परंतु बोलणारा सम्राट होता, ऐकणारी प्रजा होती, आणि मुलाने ती म्हणावयाची ती ऐकणारा म्हणून.

उद्देशिकेत हे नाते उलटे आहे, कारण तिच्यात बोलणारे लोक आहेत आणि ज्यांना आश्वासन दिले जाते तेही लोकच आहेत. पाठ्यपुस्तकाच्या आरंभी छापलेल्या प्रतिज्ञेशी तिची तुलना केली असता हा फरक अधिक स्पष्ट होतो. ही प्रतिज्ञा विशाखापट्टणम येथील कोषागार अधिकारी पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये तेलुगू भाषेत लिहिली आणि २६ जानेवारी १९६५ पासून ती देशभरातील शाळांत म्हटली जाऊ लागली. तीत विद्यार्थी देशावर प्रेम करण्याचे, वडीलधाऱ्यांचा मान ठेवण्याचे वचन देतो, म्हणजे देणारा तो आणि घेणारा देश. उद्देशिका म्हणताना मात्र तोच विद्यार्थी राज्य स्थापन करणाऱ्यांत गणला जातो आणि न्याय, स्वातंत्र्य व समानता यांचा हक्कदारही होतो. परिपाठात या दोन्ही गोष्टी एकापाठोपाठ एक, एकाच सुरात म्हटल्या जात असल्यामुळे उद्देशिकाही आणखी एक प्रतिज्ञा आहे असा समज रूढ होतो, आणि हे नुकसान उच्चारातील चुकांपेक्षा कितीतरी मोठे आहे.

जाहीरनामा मोठ्याने म्हटल्यामुळे तो त्यातून वगळल्या गेलेल्यांच्या हाती येतो, याची साक्ष इतिहासात वारंवार मिळते. अमेरिकेतील रॉचेस्टर येथे ५ जुलै १८५२ रोजी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे वाचन झाल्यानंतर, गुलामगिरीतून निसटून आलेले फ्रेडरिक डग्लस बोलण्यास उभे राहिले आणि या जाहीरनाम्यातील स्वातंत्र्य गुलामांच्या वाट्याला का आले नाही, हा प्रश्न त्यांनी श्रोत्यांपुढे ठेवला. महाड येथे डिसेंबर १९२७ मध्ये भरलेल्या परिषदेत जन्मसिद्ध हक्कांची घोषणा करणारे ठराव संमत झाले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या भाषणात १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेचा दाखला दिला होता. २६ जानेवारी १९३० रोजी गावोगावी सभा भरून पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा लोकभाषांतून वाचली गेली आणि जमलेल्यांनी ती स्वीकारली. प्रजासत्ताक दिनासाठी पुढे हीच तारीख निवडण्यात आली. २०१९-२० च्या हिवाळ्यात नागरिकत्वाच्या कायद्याविरुद्ध दिल्ली, मुंबई आणि अन्यत्र झालेल्या निदर्शनांतही लोकांनी उद्देशिका एकत्र वाचली. या सर्व प्रसंगी म्हणणारे प्रौढ होते, ते आपखुषीने जमले होते आणि काहींनी त्यासाठी तुरुंगाची जोखीमही पत्करली होती. शाळेतील मूल यांपैकी काहीच स्वतः निवडत नाही, आणि म्हणूनच शाळेची जबाबदारी वाढते.

या जबाबदारीचा पहिला भाग असा की, उद्देशिका आकाशातून पडलेली नाही, ती वाद घालून, मते मोजून घडवली गेली, हे मुलांना कळले पाहिजे. तिचा पाया म्हणजे जवाहरलाल नेहरू यांनी १३ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत मांडलेला आणि २२ जानेवारी १९४७ रोजी संमत झालेला उद्दिष्टांचा ठराव. त्यात बंधुतेचा उल्लेख नव्हता, तो डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घातला, कारण फाळणीनंतरच्या त्या काळात बंधुभावाची गरज कधी नव्हे इतकी तीव्र झाली आहे असे समितीला वाटत होते. उद्देशिकेवर १७ ऑक्टोबर १९४९ रोजी सभेत झालेली चर्चा तर प्रत्येक माध्यमिक शाळेत वाचली जावी इतकी मोलाची आहे. मध्यप्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी हरि विष्णु कामत यांनी उद्देशिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने व्हावा अशी दुरुस्ती सुचवली. त्रावणकोरचे ए. थानू पिल्ले स्वतः श्रद्धावान असूनही म्हणाले की, यामुळे श्रद्धेच्या बाबतीत सक्ती होईल. आणि हृदयनाथ कुंझरू यांनी दाखवून दिले की, जी उद्देशिका सर्वांना विचार, विश्वास व उपासना यांचे स्वातंत्र्य देते, तिच्याच आरंभी अशी भावना सर्वांवर लादणे त्या स्वातंत्र्याशी विसंगत आहे. दुरुस्ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली गेली. उद्देशिका सक्तीने म्हणवून घ्यावी की नाही या आजच्या प्रश्नाचे उत्तर कुंझरूंच्या त्या युक्तिवादात बरेचसे आलेले आहे, आणि शिक्षण खात्याच्या कोणत्याही परिपत्रकात त्याचा मागमूस दिसत नाही ही खेदाची गोष्ट आहे.

या जबाबदारीचा दुसरा भाग मजकुराच्या तारखेविषयीचा आहे. मुले ‘आज दिनांक २६ नोव्हेंबर १९४९’ असे म्हणतात, परंतु ती जो मजकूर वाचतात त्यातील ‘समाजवादी’, ‘धर्मनिरपेक्ष’ आणि ‘एकात्मता’ हे शब्द आणीबाणीच्या काळात, १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आले आहेत. या शब्दांना आव्हान देणारे अर्ज सर्वोच्च न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी फेटाळले, तेव्हा त्यांच्या वैधतेचा प्रश्न मिटला आहे. तरीही मूळ मजकूर आणि आजचा मजकूर शेजारी-शेजारी ठेवून आठवीच्या वर्गाने ताडून पाहावेत. त्यामुळे उद्देशिकेचा मान कमी होत नाही, उलट ती बदलू शकते आणि बदल करणारे आपणच असतो, हे त्या वयातच उमजते.

आता सक्तीचा प्रश्न. केरळमधील एका शाळेतील तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण त्यांच्या ख्रिस्ती पंथाच्या श्रद्धेनुसार ते गात नसत, म्हणून १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढून टाकण्यात आले. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयातील न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि न्या. एम. एम. दत्त यांच्या पीठाने त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. राष्ट्रगीत गाण्याची सक्ती करणारा कोणताही कायदा नाही, आदराने उभे राहणारा विद्यार्थी राष्ट्रगीताचा अवमान करीत नाही, आणि अभिव्यक्तीच्या व धर्मस्वातंत्र्याच्या हक्कांत न गाण्याचाही समावेश होतो, असा त्या निकालाचा आशय आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४० मध्ये शाळेतील ध्वजवंदनाची सक्ती वैध ठरवली होती, पण १४ जून १९४३ रोजी, महायुद्ध ऐन भरात असताना, आपलाच निर्णय फिरवला. आज टेक्सास राज्यात तिसरीपासून पुढच्या विद्यार्थ्यांनी वर्षातील एका आठवड्यात स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा काही भाग म्हणावयाचा असतो, मात्र पालकांनी लेखी विनंती केल्यास किंवा विद्यार्थ्याच्या सदसद्विवेकाला ते पटत नसल्यास त्याला सूट मिळते. राष्ट्रगीताबाबत जे न्यायालयाने मान्य केले ते उद्देशिकेबाबत अमान्य करण्याचे कोणतेही कारण संभवत नाही.

तेव्हा उद्देशिकेचे सामूहिक वाचन शाळेत असावे, पण ते रोज उरकण्याच्या विधींतले एक नसावे, असे प्रस्तुत लेखमालेचे मत आहे. परिपाठाच्या मोजक्या मिनिटांत सात-आठ गोष्टी बसवताना एकेका गोष्टीला मिनिट-दोन मिनिटेही मिळत नाहीत. त्याऐवजी आठवड्यातून एकदा, नागरिकशास्त्राच्या तासाला, उद्देशिकेचा एकेक खंड मुलांनी सावकाश वाचावा आणि त्यावर बोलावे. दर्जाची समानता हे शब्द वाचल्यावर एखादी मुलगी विचारील की, वर्ग झाडण्याची पाळी मुलींवरच का येते. मध्यान्ह भोजनाच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसत नाही हेही कोणीतरी बोलून दाखवील. राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, या अंतर्विरोधाचा जो इशारा डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी दिला, तो अशा प्रश्नांतूनच मुलांपर्यंत पोहोचतो. असे प्रश्न शिक्षकाला अडचणीत आणतात हे खरे, म्हणून त्यांना उत्तर देण्याची तयारी शिक्षक प्रशिक्षणात करून घेणे हे परिपत्रक काढण्यापेक्षा अधिक खर्चाचे आणि अधिक निकडीचे काम आहे. वाचनावर गुण ठेवू नयेत, स्पर्धा घेऊ नयेत. आणि शासनाच्या आदेशात एक तरतूद स्पष्ट शब्दांत यावी : जो विद्यार्थी वाचनाच्या वेळी इतरांना व्यत्यय न आणता शांत उभा राहील, त्याला त्याचे कारण विचारले जाणार नाही आणि त्याच्या कोणत्याही नोंदीत त्याचा उल्लेख होणार नाही.